कैलासाकडे पाठ

आमच्या आक्कानं वेरूळचं कैलास लेणं पंचवीस वेळा तरी पाहिलं असेल, पण तिथल्या भिंतीवर कशाच्या शेजारी काय कोरलंय, ते तिला कधीच सांगता आलं नाही. लेण्याच्या आवारात शिरलं की ती लेण्याकडं पाठ करून उभी राहायची. तोंड पाहुण्यांकडं. पाहुणे माना वर करून शिखर बघायचे, हत्ती बघायचे, "बापरे, हे सगळं वरून खाली कोरत आणलं?" असं म्हणायचे, आणि आक्का त्या पाहुण्यांना बघायची. कोण पुढं घुसतो, कोण म्हाताऱ्या माणसाला सावलीत बसवतो, पाण्याची बाटली आधी कुणाच्या हातात जाते. सगळं बघून झालं की पदर सारखा करायची आणि म्हणायची, "झालं? चला, जेवून घेऊ."

आक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नात्यानं माझी आत्या, पण वडील, म्हणजे आमचे दादा, तिला आक्का म्हणायचे म्हणून आम्हीही आक्काच म्हणायचो. गल्ली, शाळा आणि टांगेवालेसुद्धा तेच म्हणायचे. औरंगाबादला औरंगपुऱ्यात आमचं घर. करमाडची शेती वाट्यानं लावलेली, दादा कचेरीत, आक्का मुलींच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण. घरात सख्ख्या-चुलत मिळून आम्ही पाच पोरी. पाचजणींची लग्नं जमवायची होती आणि त्या कामात दादांना किंवा काकांना मत होतं असं मला कधी आढळलं नाही. मत एकट्या आक्काला.

मुलगी बघायला येतात, पोहे खातात, चार प्रश्न विचारून जातात, या रिवाजाचा तिला मनापासून राग होता. "पोह्याच्या बशीपुढं समदेच गरीब असतात," ती म्हणायची. "उन्हात फिरवा, पाय दुखू द्या, भूक लागू द्या. मग कळतंय कोण कसाय ते." म्हणून मध्यस्थाकडून निरोप जायचा : शनिवारी सकाळी या, मुक्काम करा, रविवारी संध्याकाळी जा. आमचं गाव बघून होईल. लोकही खुशीनं यायचे. मुलगी नाही पसंत पडली तरी वेरूळ-दौलताबाद तर पदरात पडतं! एक कुटुंब तर सगळं बघून, सगळं खाऊन, जाताना सीताफळांची करंडी भरून घेऊन गेलं आणि मागून निरोप आला, मुलगी बुटकी आहे. अरे, मग उंची शनिवारी सकाळी दिसली नव्हती का? दादा दोन दिवस धुमसत होते. आक्काला मात्र वाईट वाटलं नाही. "बरं झालं. त्यांनी सीताफळं निवडताना प्रत्येक फळ दाबून बघितलं आन् मऊ झालेली परत टोपलीत टाकली. मी तवाच नाय म्हणणार होते."

ही तऱ्हा कुठून आली ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नसे. पोलीस ॲक्शन झाल्यावर पुढच्याच वर्षी आक्काचं लग्न झालं, पंधराव्या वर्षी. रझाकारीत माणसं इतकी धास्तावलेली होती की वयात आलेली मुलगी घरात नको, एवढाच विचार. अर्ध्या तासात ठरलं. नवऱ्याचं दुसरं घर आहे हे त्याच्या सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त आम्हाला नव्हतं. आठव्या महिन्यात आक्का परत आली ती कायमची. मग शिकली, नोकरीला लागली. रडगाणं तिनं कधी गायलं नाही. फक्त कुणी म्हणालं की स्थळ चांगलं आहे, लवकर उरकून टाका, की ती म्हणायची, "उरकायला ती धुणीभांडी हायत का?"

दोन दिवसांचा कार्यक्रम ठरलेला. शनिवारी एस.टी.नं वेरूळ आणि घृष्णेश्वर. देवळात गाभाऱ्यात जाताना पुरुषांना सदरा-बनियन काढावं लागतं, आणि मुलगा काढलेला सदरा काय करतो, यावर आक्काचं बारीक लक्ष. एकानं तो बघता बघता बहिणीच्या अंगावर फेकला. तो तिथंच बाद झाला, बिचाऱ्याला पत्ताही नाही. रविवारी सकाळी दौलताबादचा किल्ला. वेरूळ आणि दौलताबाद एकाच रस्त्यावर, एका दिवसात सहज होतं, असं दादा दरवेळी सांगायचे. पण आक्काला ते दोन दिवशीच हवं होतं. पहिल्या दिवशी माणूस सांभाळून वागतो, दुसऱ्या दिवशी विसरतो, असा तिचा हिशेब होता.

रविवारी दुपारी मकबरा आणि पाणचक्की. मकबऱ्यात पाहुण्यांपैकी कुणीतरी हटकून म्हणायचं, "हा म्हणजे नकली ताजमहाल." या शहरात जन्मलेल्या माणसाला यापेक्षा जिव्हारी लागणारं वाक्य नाही. आम्ही ओठ आवळून गप्प बसायचो. आक्का गप्प बसत नसे. "तो नवऱ्यानं बायकोसाठी बांधला. हा लेकानं आईसाठी बांधलाय. लेकानं आईसाठी बांधलेलं आणखी काय काय पायलंय तुम्ही? सांगा बरं." मग ती त्यांना टांग्यात घालून पाणचक्कीला न्यायची. टांगा नेहमी करीमभाईंचाच. लगाम धरून पुढं बसलेल्या करीमभाईंनाही सगळं माहीत असायचं. पाहुणे उतरले की हळूच विचारायचे, "क्या बाई, जमताय क्या?" आणि आक्का नुसते डोळे मिटून हो किंवा नाही सांगायची.

माझ्याआधी दोघींची लग्नं तिनं अशीच जमवली आणि दोघी खरोखरच सुखात होत्या. त्यामुळं माझी पाळी आली तेव्हा मी निर्धास्त होते. वय बावीस, बी.एड. झालेलं, स्थळ परभणीचं. मुलाचं नाव मधुकर, पाटबंधारे खात्यात नोकरी. वडील नव्हते. तो, त्याची आई आणि मामा, असे तिघं शनिवारी सकाळी आले.

सरळच सांगते, मला तो आवडला. दिसायला बेताचाच होता, पण तोंडाचा पट्टा सतत चालू. एस.टी.त चढताना, उतरताना, लेण्यात शिरताना, याचं आपलं सुरूच. "काय उंबरा केलाय हो, मांडीएवढा! आता इथून उतार. अरे वा, इथं तर फरशी ओली आहे." मला हसू आवरेना. आमच्या घरातले पुरुष दिवसाला दहा वाक्यं बोलणारे. हा माणूस दगडांशीसुद्धा बोलत होता. घृष्णेश्वराला त्यानं सदरा घडी करून मामांच्या हातात दिला. मी आक्काकडं पाहिलं. आक्काची मान किंचित हलली. रात्रीच्या जेवणाला त्यानं आईच्या ताटात काय काय वाढलंय तेही मोठ्यांदा सांगितलं, "आई, डावीकडं ठेचा आहे बरं का, तिखट दिसतोय." आई हसल्या. मला वाटलं, किती लाडाचं घर आहे!

रविवारी किल्ल्यावर मात्र बिघडलं. पायऱ्या सुरू झाल्या आणि मधुकर पुढं निघाला. चार पायऱ्या पुढं, तोंडाची टकळी चालू, आणि मागं आई एकेक पाय जपून टाकत, कठडा धरत, भिंत धरत येतायत. गुडघे धरले असतील असं आम्हाला वाटलं. मामा तर धापा टाकत फार मागं राहिलेले. मधुकरनं आईला हात दिला नाही. थांबला नाही. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "ही मोठी पायरी. आता तीन बारक्या. इथला दगड निसटलाय, काय तरी सरकारचं लक्ष!" असं आपलं चाललेलं. आक्का माझ्या कानाशी पुटपुटली, "रेडिओ हाय का माणूस?"

मग अंधारी आली. किल्ल्याच्या पोटातून जाणारी ती काळोखी वाट ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको. वटवाघळांचा वास, वाकड्यातिकड्या पायऱ्या, आणि मधेच वाटाड्या गंमत म्हणून मशाल विझवतो. त्यानं ती विझवली आणि सगळे किंचाळले. मी दादांचा दंड धरला. आक्काचा पाय घसरला, तशी शेजारून मधुकरच्या आईनं तिचं मनगट पकडलं. "सावकाश. पायरी पडकी आहे इथं. हं, आता सरळ," असं म्हणत त्या तिला मशाल पेटेपर्यंत घेऊन आल्या. बाहेर उजेडात आल्यावर आक्कानं त्यांचे आभार मानले आणि पुढच्या पायऱ्यांवर मधुकर पुन्हा चार पावलं पुढं.

पाहुणे संध्याकाळच्या गाडीनं गेले. स्टेशनवरून घरी आल्याबरोबर आक्का म्हणाली, "नाय."

मी चपला काढत होते. "का नाय?"

"आई मागं धडपडतीय आन् हा पुढं गाणं गात चाललाय. समद्या किल्ल्यात एकदा वळून पायलं नाय. आईला नाय बघत, तो तुला काय बघंल?"

त्या घरात आक्काच्या शब्दावर शब्द कुणी बोलत नसे. मी बोलले. मला तो आवडला आहे, असं वडिलांसमोर मोठ्यानं बोलले. आई मधे पडली तर तिलाही बोलले. आणि मग जे बोलायला नको होतं तेही बोलले : "लग्न माझं आहे की तुझं?"

आक्कानं पदर सारखा केला. मग म्हणाली, "माझं असतं तर मी एवढं बघितलं नसतं." आणि स्वयंपाकघरात गेली. आजही ते वाक्य आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

सोमवारी सकाळी शाळेत जाताना तिनं कार्ड टाकलं. नकार कळवायचा तर कारणासकट, अशी तिची रीत. समोरच्याला काय चुकलं ते कळलं पाहिजे, नुसता योग नाही म्हणून लिहिणं तिला भेकडपणाचं वाटे. कार्ड तिनं मला वाचायला दिलं होतं : 'मुलगा आईला मागे सोडून पुढे चालतो, असे आमच्या पाहण्यात आले. सबब हा संबंध आम्हास मान्य नाही.' मी वाचलं आणि तिच्याकडं न बघता परत केलं.

दुपारी ती शाळेतून आली, जेवायला बसली आणि दुसऱ्याच घासाला थांबली. आमचा अबोला होता, तरी तिनं मला हाक मारली. "काल अंधारीत मला कुणी धरलं गं?"

"त्यांच्या आईनं."

"दिवसाउजेडी भिंत धरून चालणारी बाई. आन् अंधारात आपण समदे आंधळे झालो, तर ती मला धरून नेती." घास तसाच ताटात ठेवून ती उठली. "त्याला वळून बघायचं कारणच नव्हतं गं. तो तिला पायऱ्या सांगत व्हता."

मी तिथंच भिंतीला टेकून बसले. उंबरा मांडीएवढा. फरशी ओली. डावीकडं ठेचा. दोन दिवस मी ज्याला हसत होते तो माणूस एक क्षणही आपल्यासाठी बोलला नव्हता.

आक्का मात्र खात्री केल्याशिवाय पुढं जाणारी नव्हती. तशीच टांगा स्टँडवर गेली. तिच्या मागोमाग मीही गेले. करीमभाई घोड्याला चारा घालत होते. कालच्या पाहुण्या बाई टांग्यात कशा चढल्या, असं आक्कानं विचारलं. "हौ बाई," ते म्हणाले, "वो अम्मा पायदान कू पाँव से ढूंड री थी. मैं समझा आपकू मालूम हैगा. आपकू तो सब मालूम रैता." करीमभाईंनी हे अगदी भोळेपणानं म्हटलं होतं. पण आक्काचा चेहरा असा पडला की मी तिचा हात धरला. तिथून ती टपालाच्या पेटीपाशी गेली. पेटी केव्हाच रिकामी करून नेली होती.

मंगळवारी सकाळच्या गाडीनं ती एकटी परभणीला गेली. शाळेतून रजा घेतलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. दादा म्हणाले मी येतो, तर म्हणाली, "चूक मी केली. तुम्ही कशाला येता तोंड दाखवायला?" मंगळवार गेला, बुधवार गेला. मी किती वेळा दारात जाऊन आले असेन, कोण जाणे. कार्ड आधी पोचलं असेल की आक्का? त्यांनी तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवली असेल का? आई म्हणायची, देवावर भरवसा ठेव. माझा सगळा भरवसा टपालखात्याच्या ढिलाईवर होता.

गुरुवारी आक्का आली. हातपाय धुतले, पाणी प्यायली आणि मला समोर बसवलं. "त्या बाईला दिसत नाय. एका डोळ्यानं काहीच नाय, दुसऱ्यानं नुसत्या सावल्या. लपवलं, कारण मध्यस्थ बोलला की डोळ्याचं कळलं तर मुलाच्या डोळ्यांकडंबी बोट दाखवतील. हात धरू नको, वळून बघू नको, असं आईनंच पोराला बजावलं व्हतं. ते घर असं हाय. जन्मभर पायऱ्या सांगत चालावं लागंल. तुला चालतंय का?"

आमच्या घरात कुठल्याही मुलीला हा प्रश्न कधी विचारला गेला नव्हता. मी हो म्हणाले आणि हो म्हणता म्हणता रडायला लागले. आक्का म्हणाली, "रडतीस काय, तारीख काढायला सांग बापाला." कार्डाचं काय झालं, असं मी विचारलं. "पोचलं," एवढंच बोलून ती कपडे बदलायला गेली. पुढं मी खोदून खोदून विचारलं, तर दरवेळी तेच एक उत्तर.

लग्न झालं. परभणीच्या घरी मी बोलत चालायला शिकले. धाकट्या दोघींची स्थळं आली तेव्हा दोन दिवसांचे कार्यक्रम झाले, पण ते वेगळे होते. आक्का पाहुण्यांबरोबर जायची, लेण्याकडं पाठ करून उभीही राहायची, पण रविवारी संध्याकाळी दादांनी विचारलं की म्हणायची, "मला काय ईचारता? तिला ईचारा." पोरींच्या दृष्टीनं ते फार चांगलं झालं. मला मात्र वाईट वाटायचं. स्टेशनवरून घरी येऊन दारातच निकाल सांगणारी आक्का मला हवी होती, आणि ती मीच घालवली होती, असं वाटायचं.

आक्का गेली तेव्हा माझी मुलं शाळेत होती. फार आजारी पडली नाही, कुणाला त्रास दिला नाही. तेराव्याला सासूबाईंनी हट्ट धरला, मला औरंगाबादला न्या. तोवर त्यांना सावल्याही दिसेनाशा झाल्या होत्या. सगळं आटोपल्यावर आम्ही दोघी आक्काच्या खोलीत बसलो होतो. त्या बराच वेळ तिच्या पलंगावरून हात फिरवत राहिल्या आणि मग आपणहून बोलू लागल्या.

"ती आमच्याकडं आली ना तेव्हा, मंगळवारी दिवसभर काहीच बोलली नाही. मला वाटलं, घर बघायला आली असेल. बुधवारी अकराच्या सुमाराला पोस्टमन आला. मधू कामावर, दादा त्यांच्या शेतावर. कार्ड माझ्या हातात दिलं. आता मी काय करणार? मला काही दिसत नाही हे तिला कळू द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, चष्मा कुठं ठेवलाय कोण जाणे, तुम्हीच वाचता का?"

सासूबाईंचे दादा म्हणजे ते मामा.

"तिनं कार्ड हातात घेतलं. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग वाचलं तिनं. मुलगा आईला मागे सोडून पुढे चालतो, सबब हा संबंध मान्य नाही. खाली स्वतःचं नाव वाचलं. तारीखसुद्धा वाचली. आणि म्हणाली, हे मी लिहिलंय. मी चुकले." सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. "अगं, तिनं क्षेमकुशल म्हणून काहीही वाचलं असतं आणि कार्ड चुलीत टाकलं असतं, तर मला काय कळणार होतं? सगळं वाचलं गं तिनं. एक अक्षर गाळलं नाही."